फ्लूची लस, संमतीपत्र आणि दुसरीत जाऊन पहिल्यांदा बघितलेली शाळा

२०२१ चा मे महिना म्हणजे कोरोनाची दुसरी लाट जरा ओसरायला लागलेली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता तिसरी येणार आणि ती लहान मुलांना धरणार. हे आलं कुठून ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, लॉजिक एवढंच की मोठ्यांना लस मिळायला लागलीय, मुलांना नाही, मग आता व्हायरस मुलांकडेच वळणार. सरकारने डॉ. सुहास प्रभूंच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्स नेमला, हॉस्पिटलांत मुलांचे वॉर्ड तयार करायला घेतले, आणि त्यातच बातमी आली की टास्क फोर्समधल्या डॉक्टरांनी पावसाळ्याआधी मुलांना फ्लूची लस द्यावी असं सुचवलंय. झालं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत त्याचं "फ्लूची लस घेतली की मुलांना कोरोना होत नाही" असं होऊन गेलं होतं आणि त्याखाली पंधरा जणांचे हात जोडलेले.

माझी थोरली तेव्हा दुसरीत जाणार होती आणि धाकटा साडेतीन वर्षांचा. थोरलीची गंमत अशी की मार्च २०२० मध्ये तिची सीनियर केजी मध्येच बंद पडली ती पडलीच, पहिलीचं अख्खं वर्ष तिने माझ्या नवऱ्याच्या जुन्या फोनवर काढलं. पहिलीच्या बाई तिने फक्त कमरेच्या वर बघितलेल्या. "मॅम माझा आवाज येतोय का" हे वाक्य ती झोपेत पण बोलायची. मी बँकेत आहे, सहकारी बँक, काउंटरवर, त्यामुळे वर्क फ्रॉम होम वगैरे आमच्या नशिबात नव्हतं, मी रोज जायची आणि रोज घाबरत घरी यायची, सरळ बाथरूममध्ये. मुलं सासूबाईंकडे. म्हणजे मुलांना फ्लूची लस द्यायची की नाही हा विचार करताना खरंतर डोक्यात आईंचं वय होतं, त्यांची शुगर होती.

आणि फ्लू म्हटलं की पुण्यातल्या माणसाला २००९ आठवतंच. मी तेव्हा बीकॉमला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची. ३ ऑगस्टला पुण्यातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली, देशातला पहिला मृत्यू, आणि दुसऱ्या दिवसापासून शहर बदललं. शाळा-कॉलेजं बंद, मॉल बंद, थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलसमोर तपासणीसाठी ही रांग. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, रुमालात कापूर आणि वेलदोडे. मला घरून फोन यायचे की कराडला निघून ये आणि मी एसटीत खोकला दाबून बसले होते ते अजून लक्षात आहे. पण तेव्हाच्या शाळा काही दिवसांत परत सुरू झाल्या, गणपती पण बसले. त्यामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मला वाटलं होतं की असेल पंधरा दिवस, महिनाभर फारतर.

तर लस. आमच्या डॉक्टर मॅडमना फोन केला तर त्यांनी आधी ग्रुपवरच्या त्या मेसेजचाच निकाल लावला. म्हणाल्या, "हे बघा, ही लस इन्फ्लुएन्झाची आहे. कोरोनाची नाही, आणि साध्या सर्दीची पण नाही." मग द्यायची कशाला? तर त्यांचं म्हणणं असं की पावसाळ्यात आपल्याकडे फ्लूची साथ असतेच असते, पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर हाच सीझन, आणि फ्लूचा ताप-खोकला आणि कोरोनाचा ताप-खोकला वरून बघून ओळखता येत नाही. म्हणजे मुलाला ताप आला की स्वॅब, रिपोर्ट येईपर्यंत घरातले सगळे कोपऱ्यात, आजी वेगळ्या खोलीत, हॉस्पिटलांवर गर्दी. त्यातले थोडे ताप जरी कमी झाले तरी तेवढी धावपळ वाचली. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलांना बालरोगतज्ज्ञांची संघटना ही लस तशीही द्या म्हणतेच, कारण लहान मुलांना फ्लू साधा नसतो, न्यूमोनियापर्यंत जातो. हे मला पटलं. इतकं साधं ग्रुपवर कुणी का लिहिलं नव्हतं देव जाणे.

पण लगेच मिळाली नाही. सगळ्यांनी एकदमच धाव घेतली होती. एक तर स्टॉक संपलेला आणि दुसरं म्हणजे जुना स्टॉक देऊन उपयोग नाही म्हणाल्या, नवा स्ट्रेन येऊ दे. हा स्ट्रेनचा भाग मला तेव्हा कळला. फ्लूचा व्हायरस दरवर्षी थोडा थोडा बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कुठले व्हायरस घालायचे ते ठरवून देते. आपण नकाशात उत्तर गोलार्धात पण आपल्या भागातली साथ थंडीत नाही तर पावसात जोरात, त्यामुळे कुठली घ्यायची यावर डॉक्टरांमध्येच चर्चा चालते. आमच्या मॅडमचा हिशोब सोपा, जी सगळ्यात नवीन हातात आहे ती पावसाळ्याच्या आत किंवा निदान सुरुवातीला द्यायची. लस तेव्हा चार स्ट्रेनची असायची, फ्लूच्या ए प्रकारातले दोन, बी प्रकारातले दोन, आणि त्या ए मधला एक एच१एन१ म्हणजे आपला २००९ चा तोच स्वाइन फ्लू. तो कुठे गेला नाही, दरवर्षी येणाऱ्या फ्लूमध्येच मिसळून गेला. हे ऐकून नवरा म्हणाला की मग कोरोना पण असाच घरचा होणार का. तेव्हा आम्ही त्याच्यावर हसलो होतो.

जुलैत फोन आला की या. तेव्हाची पद्धत म्हणजे वेळ घेऊन जायचं, वर गर्दी करायची नाही, खाली पार्किंगमध्ये थांबायचं, कंपाउंडरचा फोन आला की मूल आणि एकच पालक वर. मी दोघांना घेऊन गेले म्हणून तिथे जरा वाद झाला, एका मुलाला एक पालक या नियमाने मी एकटी दोघांना कशी आणणार, आणि नवरा वर येणार तर दोघं मोठे होतात. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "या हो आई, या तुम्ही." मुलांच्या दवाखान्यात आपल्याला नाव नसतं, आपण सगळ्यांच्याच आई. डॉक्टर फेस शिल्डमध्ये, धाकटा त्यांना ओळखेचना, तो जन्मल्यापासून त्यांच्याकडे जातोय पण त्या दिवशी असा काही रडला की बाहेर थांबलेल्यांना वाटलं असेल काय चाललंय आत.

नऊ वर्षांच्या आतलं मूल आणि पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल तर दोन डोस, मध्ये चार आठवडे. पुढच्या वर्षीपासून एकच. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी एकेक इंजेक्शन धरून पैसे काढले होते आणि तिथे कळलं की दोघांची मिळून चार. एका डोसचे तेव्हा दीड-दोन हजार, करा हिशोब. पैशाचं मी मुद्दाम लिहितेय कारण ही लस सरकारी कार्यक्रमात मुलांना मिळत नाही. गोवर, पोलिओ, पेंटाव्हॅलंट मिळतात, ही नाही. सरकारी दवाखान्यात स्वाइन फ्लूची लस मोफत असते ती गरोदर बायका, शुगर-बीपीवाले, दवाखान्यातले कर्मचारी यांना. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा थोरलीच्याच वयाचा, महापालिकेच्या शाळेत, त्याला कोण देणार. मी त्यांना म्हटलं असं असं आहे, तर त्या म्हणाल्या, "ताई, त्याला ताप आला तर बसंल दोन दिस घरी. शाळा चालू असती तर काळजी." आणि खरंच त्याची शाळा ऑनलाइन पण चालू नव्हती, कारण घरात फोन एक आणि तो मावशींच्या नवऱ्याबरोबर कामावर. टास्क फोर्सने सुचवलं ते बरोबरच होतं, पण ऐकून ते करू कोण शकणार होतं ते म्हणजे आम्ही सोसायटीवाले, ज्यांची मुलं तशीही घरात बंद होती.

पहिल्या डोसनंतर थोरलीचा दंड दुखला, बाकी काही नाही. धाकट्याला रात्री अंग कोमट झालं. आम्हाला सांगितलं होतं की एखाद दिवस होऊ शकतं, पॅरासिटामॉल द्या, पण वर्षभर ताप या शब्दाची जी दहशत बसली होती ना, सासूबाईंनी रात्री दोन वेळा ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला, त्याचं बोट एवढंसं, मशीन काही आकडा दाखवेना, की ह्यांचा जीव वरखाली. सकाळी तो उठून पोहे मागायला लागला तेव्हा त्या देवापाशी गेल्या. दुसऱ्या डोसला कुणाला काही झालं नाही.

दुसरा डोस ऑगस्टमध्ये झाला आणि त्याच सुमारास शाळांचा खेळ सुरू झाला. १० ऑगस्टला आदेश निघाला की शहरात आठवी ते बारावी १७ तारखेपासून सुरू, आणि एक-दोन दिवसांत टास्क फोर्सने नको म्हटलं म्हणून थांबवलं. शेजारचा नववीतला मुलगा दप्तर काढून बसला होता बिचारा. मग ४ ऑक्टोबरला शहरात आठवीच्या पुढचे आणि गावाकडे पाचवीच्या पुढचे सुरू झाले. आमचे छोटे अजून घरीच. माझी चिडचिड इथून सुरू झाली. मॉल ऑगस्टमध्ये उघडले. देवळं ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. थिएटरं २२ ऑक्टोबरला. दिवाळीत लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सात वर्षांच्या मुलीला वर्गात बसायला मात्र धोका. मी काही डॉक्टर नाही, पण बँकेच्या काउंटरवर बसून मला रोज दिसत होतं की कोण कुठे फिरून येतंय.

शेवटी ठरलं की १ डिसेंबरपासून पहिलीपासूनचे सगळे वर्ग. युनिफॉर्म काढला तर तो केजीचा, शर्टाची बटणं लागेनात. बूट तर इतके लहान की लवकरच धाकट्यालाच झाले असते. दुकानात गेलो तर तिथे ही रांग. आणि तेवढ्यात ओमायक्रॉन. नोव्हेंबरच्या शेवटी नाव ऐकलं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्ये पेशंट सापडले, आणि पुणे-मुंबईच्या लहान मुलांच्या शाळा पुन्हा पुढे ढकलल्या. मुंबईच्या १५ डिसेंबर, पुण्याच्या १६ डिसेंबर.

मध्ये शाळेने झूमवर पालक सभा घेतली. ती सभा म्हणजे वेगळाच प्रकार. निम्मे पालक म्हणतात तुम्ही शाळा उघडूच कशा शकता मुलांना लस नसताना, निम्मे म्हणतात फी पूर्ण घेता तर उघडा. एक जण गाडी चालवत मीटिंगला, एकांचा माइक चालू आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. एका बाबांनी विचारलं की फ्लूची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांना वेगळं बसवणार का. मुख्याध्यापक बाई बिचाऱ्या दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाल्या की शाळेकडून फ्लूच्या लसीची सक्ती नाही, तशा कुठल्या सूचनाही नाहीत, शिक्षकांचे मात्र कोरोनाचे दोन्ही डोस झालेत. मी अनम्यूट करून सांगितलं की ही लस कोरोनाची नाहीच मुळात, तर चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "मग तुम्ही का घेतली?" आता तिथे काय समजावणार.

मग संमतीपत्र. पाल्याला स्वखुशीने पाठवत आहे, घरात कुणाला लक्षणं नाहीत, लक्षणं दिसल्यास पाठवणार नाही वगैरे, खाली सही. हजेरीची सक्ती नाही, ऑनलाइन पण चालू राहणार. नवरा आणि मी दोन रात्री त्या कागदावर बोललो. त्याचं म्हणणं की आईंना काही झालं तर? माझं म्हणणं की मी रोज शंभर लोकांच्या नोटा मोजून घरी येते, त्यापुढे वर्गातली वीस मुलं काय? आई आतून म्हणाल्या, "माझं निमित्त करून पोरीची शाळा बुडवू नका, माझे दोन डोस झालेत." नवऱ्याने सही केली.

१६ डिसेंबर, गुरुवार. रिक्षावाले काका मिळाले नाहीत, त्यांनी लॉकडाऊनमध्ये भाजीचा धंदा सुरू केला तो चांगला बसला होता, आता परत येत नाही म्हणाले. म्हणून नवऱ्याने सोडलं, मी बँकेत अर्धी रजा टाकून बरोबर गेले. गेटवर फुगे, तापमान बघायची गन, हातावर सॅनिटायझर, आणि मास्क लावलेल्या बाई. थोरली माझा हात सोडेना. रडत नव्हती, नुसती बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "मॅम एवढ्या उंच आहेत?" एका बाकावर एक मूल, डबा शेअर करायचा नाही, मैदानावर जायचं नाही, अर्धा वर्ग एक दिवस आणि अर्धा दुसऱ्या दिवशी. घरी आल्यावर विचारलं काय शिकवलं तर म्हणाली काही नाही, पण एका मुलीने मला खोडरबर दिलं. मी म्हटलं शेअर करायचं नाही ना? तर म्हणे, "डबा नाही करायचा. खोडरबरचं नाही सांगितलं."

आणि पुढच्याच आठवड्यात तिचं नाक वाहायला लागलं. ताप नाही, खोकला थोडा. शाळेचा नियम, सर्दी असली तरी घरी. ग्रुपवर कुणीतरी लगेच, "अमुकच्या आईंनी टेस्ट केली का?" म्हणजे मीच. आता फ्लूची लस झालेली, मग ही सर्दी कसली, म्हणून मी मॅडमना फोन केला, तर त्या हसल्याच. सर्दीचे व्हायरस भरपूर आहेत, लस एका जातीची, आणि दोन वर्षं घरात बसलेल्या मुलांना आता प्रत्येक सर्दी होणार, तयारी ठेवा. तरी टेस्ट करून घ्या म्हणाल्या, शाळेला रिपोर्ट लागेल. लॅबवाला घरी आला, नाकात काडी घातली, ती किंचाळली, रिपोर्ट निगेटिव्ह. तोपर्यंत नाताळची सुट्टी लागली.

४ जानेवारीला परत बंद. पहिली ते आठवी ३० तारखेपर्यंत. थोरलीने युनिफॉर्मचं हँगर स्वतःच कपाटात आत ढकललं आणि फोन चार्जिंगला लावला, सवयीने. आणि त्याच महिन्यात कोरोना आमच्या घरी आलाच. शाळेतून नाही. माझ्यातून. बँकेत ओळीने पाच-सहा जण आडवे झाले, मला घसा धरला, किटवर दोन रेघा, मग नवरा, मग मुलं. मुलांना दीड दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सोफ्यावरून उड्या. आईंना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, त्यांना झालाच नाही, किंवा झाला असेल तर कळला नाही. शाळा बंद असताना झाला म्हणून निदान मला कुणी बोल लावला नाही, वर्ग चालू असता तर ग्रुपवर काय झालं असतं याचा मी विचारच करत नाही.

१ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यात परत सुरू झाल्या, लहान वर्ग अर्धा दिवस. आता पालक पण थकले होते, फारसं कुणी भांडलं नाही. मार्चमध्ये बारा ते चौदावाल्यांना कोरोनाची लस आली, आमची मुलं त्यातही नाहीत. जूनमध्ये शाळा नेहमीसारखी पूर्ण वेळ भरली, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं, सर्दी, खोकला, हातापायावर तोंडात फोड येणारा तो एक आजार, काय काय. वर्गातली पाच-सहा मुलं कायम गैरहजर.

फ्लूचा वार्षिक डोस मी जूनच्या सुरुवातीलाच देऊन आणला. क्लिनिकमध्ये बाकं रिकामी. सिस्टर म्हणाल्या मागच्या वर्षी फोन उचलून हात दुखायचे, यंदा कुणी विचारत नाही. त्या पावसाळ्यात माझ्या दोघांना फ्लू झाला नाही, समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीला लस नव्हती तिलाही झाला नाही, त्यामुळे मी छाती ठोकून काही सांगू शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचे पेशंट वाढल्याच्या बातम्या यायला लागल्या तसा ग्रुपवर मेसेज पडला, "फ्लूची लस कुठे मिळेल, अर्जंट." मी नंबर टाकला आणि लिहिलं की लस काम करायला लागायला दोन आठवडे लागतात, आणि नऊच्या आतलं मूल पहिल्यांदा घेत असेल तर दोन डोस. खाली पंधरा जणांचे हात जोडलेले आले. अर्ध्या तासाने त्यातल्याच एकीचा फोन, की अगं तुझ्या क्लिनिकमधला स्टॉक संपलाय, नवीन कधी येणार माहितीये का.